मापाच्या बुडाशी कोरलेला सम्राट

शांघाय संग्रहालयात काशाचं एक लहानसं आयताकृती माप आहे. धरायला दांडा, दांड्यासकट लांबी जेमतेम 19 सेंटिमीटर. चीनच्या सम्राटपदाचा इतिहास म्हटलं की मातीचे सैनिक डोळ्यांसमोर येतात, पण मला हे माप जास्त बोलकं वाटतं.

छिन राज्याचा मंत्री शांग यांग याने ते इ.स.पू. 344 मध्ये करवून घेतलं. ‘शंग’ हे धान्याचं माप किती मोठं असावं, ते त्याने त्यावरच कोरून ठेवलं: 16 पूर्णांक 1/5 घन त्सुन. त्सुन हे लांबीचं एकक. मापाची आतली खोली 1 त्सुन, रुंदी 3, लांबी 5.4. गुणाकार करून पाहा, 16.2 येतो. आज मोजलं तर आतलं आकारमान सुमारे 202 घन सेंटिमीटर भरतं. त्याला 16.2 ने भागून घनमूळ काढलं की त्सुन मिळतो: साधारण 2.32 सेंटिमीटर. धान्याचं माप असं पट्टीला बांधून ठेवल्यामुळे ते हरवलं तरी पुन्हा तंतोतंत बनवता येत होतं. फार उच्च प्रतीची बुद्धी आहे ही!

याच मापाच्या बुडाशी 123 वर्षांनंतरचा एक मजकूर आहे. इ.स.पू. 221 मध्ये छिनचा राजा यिंग झंग याने सहा प्रतिस्पर्धी राज्यांपैकी शेवटचं राज्यही जिंकलं. तोवर सगळे राजे स्वतःला ‘वांग’ म्हणवत. मंत्र्यांनी त्याला ‘थाय हुआंग’ हे पद सुचवलं. त्याने ‘थाय’ गाळला, पुराणकाळातल्या राजांसाठी वापरला जाणारा ‘दी’ जोडला आणि ‘हुआंगदी’, म्हणजे सम्राट, झाला. आपण पहिला, पुढचे दुसरा, तिसरा, असे दहा हजार पिढ्यांपर्यंत, असंही त्याने ठरवून टाकलं. मेल्यावर राजाला गुणावगुणांनुसार नाव देण्याची जुनी रीत बंद केली, कारण त्यात मुलगा बापाची आणि मंत्री राजाची पारख करतो.

हे पद लोकांपर्यंत पोचलं ते वजनमापांवरून. बुडाशी कोरलेल्या 40 अक्षरांच्या फर्मानात एका दमात दोन्ही गोष्टी येतात: हुआंगदी हे पद स्थापन झालं, आणि वजनमापं एकसारखी करा. दूरच्या कचेऱ्यांनाही शब्द बदलावे लागले. हूनान प्रांतात लीये इथल्या एका विहिरीत 2002 मध्ये छिनकालीन लाकडी पट्ट्यांचा मोठा साठा सापडला. त्यातल्या एका फळीवर कारकुनांसाठी चक्क यादी आहे: ‘राजाची आज्ञा’ लिहू नका, ‘सम्राटाचं फर्मान’ लिहा.

मग अडचण आली. इ.स.पू. 210 मध्ये पहिला सम्राट वारला आणि मुलगाही हुआंगदीच झाला. मापांवर नुसतंच ‘हुआंगदी’ कोरलेलं. पुढे लोकांना वाटेल, हे काम वारसाचं, अशी भीती होती. म्हणून दुसऱ्या सम्राटाने आणखी एक फर्मान कोरायला लावलं: हे सारं पहिल्या सम्राटाने केलं, शंका नको.

त्यानंतर तीनेक वर्षांतच छिन घराणं बुडालं. घराण्यातल्या तिसऱ्या शासकाने तर स्वतःला पुन्हा नुसतं ‘वांग’ म्हणवून घेतलं. पण इ.स.पू. 202 मध्ये हान घराण्याच्या ल्यू बांगने तेच पद उचललं, आणि ते 12 फेब्रुवारी 1912 रोजी बालसम्राट फूयीच्या वतीने राजत्यागाची घोषणा होईपर्यंत चाललं. हान काळातला शंगही साधारण 200 घन सेंटिमीटरचाच राहिला.