शिंपल्यांपासून अस्थिसदृश जैवपदार्थ

समुद्री मृदुकाय प्राण्यांच्या कवचांतील कॅल्शियम कार्बोनेटाचे कॅल्शियम फॉस्फेटांत, मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइटात, रूपांतर करून बनविलेले व हाडातील पोकळ्या भरण्यासाठी योजलेले पदार्थ. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग याच वर्गातील, परंतु कार्बोनेटयुक्त खनिजाचा असतो.

या कल्पनेचा उगम माया संस्कृतीपर्यंत नेण्याचा प्रघात आहे. होंडुरासमधील उलुआ खोऱ्यात १९३१ मध्ये सापडलेल्या व सामान्यतः इ.स. ६०० च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या जबड्यात खालच्या पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे घासून दाताच्या आकारात आणलेले तुकडे बसविलेले आहेत. ते मृत्यूनंतर बसविले असावेत, असे पूर्वी मानले जात असे. मात्र १९७० च्या सुमारास अमाडेओ बॉबिओ यांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत त्यांपैकी दोहोंभोवती घट्ट हाड वाढलेले दिसल्याने ते जिवंतपणीच बसविले गेले, हे मत अधिक ग्राह्य ठरते. तथापि तेथे शिंपला मूळ रूपातच वापरलेला असल्यामुळे त्याला आजच्या पद्धतीचा आरंभ म्हणणे ताणल्यासारखे होते. रासायनिक रूपांतराचा आरंभ डेला रॉय व सारी लिनेहन यांच्या १९७४ च्या कामापाशी मानणे योग्य. अर्थात त्यांनी वापरले ते प्रवाळ, शिंपले नव्हेत.

रूपांतराच्या दोन वाटा आहेत. पहिलीत स्वच्छ केलेली कवचे सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. सेंद्रिय अंश जळताना ती प्रथम करडी होतात, मग पांढरी व ठिसूळ पडतात. शुद्ध कार्बोनेट धरल्यास १०० ग्रॅमपासून ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून त्यात फॉस्फरिक आम्ल थेंबाथेंबाने, मिश्रण अल्कधर्मी राखून, घालतात. कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण १.६७ साधावे लागते: ते कमी पडल्यास पुढील भाजणीत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तयार होते, वाढल्यास मोकळा चुना मागे राहतो आणि ओलाव्याने फुगून तुकड्याला तडे पाडतो. दुसऱ्या वाटेत कवच न दळता बंद पात्रात अमोनियम फॉस्फेटाच्या द्रावणात तापवितात, त्यामुळे मूळ घडण बरीचशी टिकते. शंख व महाकाय शिंपल्यांच्या कवचांवर अमेरिकेत झालेले असे काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. कवचांतील कॅल्शियम कार्बोनेटाच्या ॲरॅगोनाइट व कॅल्साइट या दोन स्फटिकरूपांपैकी ॲरॅगोनाइट हे कॅल्साइटापेक्षा कमी स्थिर असल्याने सहसा लवकर बदलते.

मोत्याच्या थराचा, म्हणजे कवचाच्या आतील चकचकीत अस्तराचा, प्रश्न निराळा आहे. एव्हलिन लोपेझ व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये, रूपांतर न केलेला हा थर मानवी अस्थिजनक पेशींना हाड घडविण्यास प्रवृत्त करतो, असे दाखविले. हे श्रेय थरातील सेंद्रिय अंशाकडे जाते, असे मानण्याकडे कल आहे; तसे असेल तर भट्टीत तोच अंश प्रथम नष्ट होतो.

अशा फॉस्फेटांचा ठिसूळपणा हाडापेक्षा बराच जास्त असल्याने त्यांचा उपयोग मुख्यतः भार न येणाऱ्या जागा, दंतशल्यक्रिया आणि धातूच्या रोपणांवरील लेप यांपुरता राहतो. कवचातील मॅग्नेशियम व स्ट्राँशियम काही अंशी पदार्थात उतरतात. शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंची तपासणी मात्र आवश्यक असते.