सेजची पानं : खवटपणा, जंतू आणि तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

पाकीट हातात घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला, सेज म्हणजे मराठीत काय हो? तर रुळलेलं असं मराठी नाव नाहीच, कारण झाडच आपल्याकडचं नाही. आम्ही विकतो ते साल्विया ऑफिसिनॅलिस, भूमध्य समुद्राकाठचं, क्रोएशियाचा डाल्मेशिया किनारा, आल्बेनिया अशा भागातल्या खडकाळ जमिनीतलं आणि कडक उन्हातलं झुडूप. कूळ मात्र तुळस-पुदिन्याचंच. नर्सरीत थंडीत लालभडक फुलांचं जे साल्विया मिळतं ते याचं चुलत भावंड, पण शोभेचं, ते चहात टाकू नका. साल्वियाच्या जवळजवळ हजारभर जाती आहेत, चियासुद्धा साल्वियाच (सब्जा नाही हं, सब्जा तुळशीकडचा), आणि २०१७ मध्ये तर शास्त्रज्ञांनी रोझमेरीलाही उचलून साल्वियातच बसवलं.

आता अँटीऑक्सिडंट. हा शब्द हल्ली बिस्किटाच्या पुड्यावर पण दिसतो म्हणून जरा नीट सांगतो. दिवाळीचा चिवडा महिनाभर राहिला की खवट लागतो, खोबऱ्याची वाटी पण तशीच, कारण त्यातल्या तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि एक कण बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला, असं चालूच राहतं. सेजच्या पानात कार्नोसिक ॲसिड म्हणून एक द्रव्य असतं ते मध्ये पडतं, आपल्याकडचा हायड्रोजन देऊन त्या बिघडलेल्या कणाला गप्प करतं आणि साखळी तिथेच तुटते. यात गंमत अशी की हे करताना ते स्वतः बदलून कार्नोसॉल होतं, आणि कार्नोसॉलही तेच काम करतं, म्हणजे एक गडी बाद झाला तरी डाव चालू. रोझमेरीतही हीच जोडी आहे, म्हणून युरोपात रोझमेरीचा अर्क ई ३९२ या नंबराने तेलकट पदार्थ टिकवायला अधिकृतपणे वापरतात.

पण कार्नोसिक ॲसिड तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. चहात उतरतं ते दुसरंच, रोझमरिनिक ॲसिड, जे तुळस-पुदिन्यातही असतं. म्हणून नुसता चहा पिऊन पानातलं सगळं मिळालं असं समजू नका. आमचं म्हणाल तर तुपात चार पानं कुरकुरीत होऊ द्या आणि लाल भोपळ्याच्या भाजीवर ते तूप ओता. इटलीत भोपळा आणि सेज ही जुनीच जोडी आहे, आपल्या भोपळ्यालाही झकास जमते.

जंतूंचं काय, तर पान चोळून वास घ्या, कापूर आणि निलगिरी आठवेल. उगाच नाही आठवत, सेजच्या तेलात खरोखरच कापूर असतो आणि निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य सिनिओल पण असतं. ही तेलकट द्रव्यं जंतूच्या पेशीचा पडदा सैल करतात, आतलं बाहेर गळतं, जंतू मरतो किंवा निदान त्याची वाढ थांबते. लॅबमध्ये हे पुवाच्या फोडात सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंवर बऱ्यापैकी चालतं, ई. कोलायसारख्यांवर कमी, कारण त्यांच्या अंगावर एक जास्तीचं आवरण असतं. पण लॅबची काचेची बशी वेगळी आणि तुमचा घसा वेगळा! घसा खवखवत असेल तर गुळण्या जरूर करा (१०० मिली उकळत्या पाण्यात अडीच ग्रॅम पानं, वर झाकण ठेवा नाहीतर वास आणि तेल दोन्ही उडून जातं, मग गाळून कोमट झालं की), पण ताप आला, गिळताना दुखायला लागलं तर डॉक्टर. अँटिबायोटिकच्या जागी सेज चालेल का असं विचारणाऱ्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो, पाकीट नाही खपलं तरी चालेल.

आणि ही गोष्ट नीट वाचा. सेजच्या तेलात थुजोन असतं, जास्त पोटात गेलं तर फिट येऊ शकते. म्हणून सेजचं तेल आम्ही ठेवतच नाही आणि कुठून आणलंत तर थेंबभरही पिऊ नका. जेवणात चार पानांना काही होत नाही, चहा मात्र कपाला एक-दोन ग्रॅम आणि सलग दोन आठवड्यांच्या वर नको. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई (दूध कमी करायला ही पानं पूर्वापार वापरतात) आणि फिट येणाऱ्यांनी चहा आणि गुळण्या दोन्ही टाळायच्या.

इन्स्टावर धुरासाठी जाळायची पांढऱ्या सेजची जुडी दिसते ती आमच्याकडे नाही. ती साल्विया एपियाना, कॅलिफोर्नियाची, आणि तिथल्या रानातून चोरून तोडून विकली जाते म्हणून आम्ही तिच्या वाटेलाच जात नाही.

पाकीट उघडल्यावर काचेच्या बरणीत, गॅसपासून लांब ठेवा. चोळून वास आला नाही तर तेल उडालं समजा, मग ती पानं भाजीत घालून काही उपयोग नाही, कुंडीत टाका.