माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?

जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही; डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत चुकीचा आहे, अभ्यासक्रम बदला. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेच संयुक्त पत्रक काढून हे खोडलं. तरी प्रश्न फिरतोच, सोबत ठरलेलं शेपूट: मग आजची माकडं का नाही बदलत?

कारण आजची माकडं आपले पूर्वज नाहीतच. चिंपांझी हा आपला चुलतभाऊ. दोघांचा समाईक पूर्वज साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वीचा.

आणि पुरावा म्हणजे फक्त जीवाश्म नव्हेत. चिंपांझीत गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांच्या, 24 जोड्या, आपल्यात 23. एक गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं जोडून झालंय. एरवी फक्त टोकाला सापडणारी डीएनएची रचना त्याच्या मध्येच सापडते. चोरीही कुणी पाहिलेली नसते, ठसे मात्र उरतात. मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेल्या सिंहांना हे वेगळं सांगायला नको होतं!

2023 मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेने, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, पण दहावीनंतर कॉमर्सला जाणाऱ्या मुलांच्या हाती ते पुस्तक पडत नाही.