ताकद कमी की वाव कमी?

"माझं कॅरेक्टर वीक आहे यार." 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात डीएमच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसलेल्या माणसाला हे कधी ना कधी ऐकावंच लागतं. त्यावरचा उतारा ठरलेला असतो: पुढच्या सेशनला एक जादूची तलवार देऊन टाकायची. पण या एकाच तक्रारीमागे दोन निरनिराळी दुखणी असतात. कधी कॅरेक्टर आकड्यांतच मागे पडलेलं असतं. कधी आकडे ठणठणीत असतात, पण ते वापरायची पाळीच येत नाही. पहिल्याला तलवार लागू पडते. दुसऱ्याला दिली तर ती शीटवर, म्हणजे कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदावर, लिहिलेली राहते, बस.

ताकद मोजता येते, म्हणून आधी ती बघू. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीत फरक जन्मापासूनच पडू शकतो. चार फासे टाकायचे, सगळ्यात कमी आलेला बाजूला काढायचा, उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची, असं सहा वेळा, कॅरेक्टरच्या शक्ती, बुद्धी अशा सहा क्षमतांसाठी. सरासरी बाराच्या थोडी वर येते खरी, पण एकाला १८ लागतात आणि शेजारच्याचा सगळ्यात मोठा आकडा १३ निघतो, तेव्हा सरासरी सांगून त्याचं समाधान होत नाही. पॉईंट बायमध्ये, म्हणजे गुण खर्चून आकडे विकत घ्यायच्या पद्धतीत, मात्र सगळ्यांना सारखे २७ गुण मिळतात आणि प्रत्येक स्कोअर ८ ते १५ च्या आत राहतो. एका बैठकीत संपणारा खेळ असेल तर खुशाल फासे टाका, मजा येते. वर्षभर चालवायचा असेल तर पॉईंट बायच बरा.

पुढे लेव्हल वाढली की हिशोब गुंतागुंतीचा होतो. पाचव्या लेव्हलचा विझार्ड, म्हणजे जादूगार, फायरबॉल हा आगीचा गोळा टाकतो: आठ फासे, सरासरी २८ डॅमेज, तेही वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळात सापडलेल्या प्रत्येकाला. त्याच लेव्हलचा फायटर मोठी तलवार दोनदा चालवतो आणि दोन्ही वार लागले तर साधारण २२ काढतो, एकाच शत्रूवर. कागदावर फायटर मार खातो. पण विझार्डला असा फायरबॉल दिवसातून दोनदा, फार तर तीनदा जमतो. फायटरची तलवार थकत नाही. म्हणजे दोघांचा तोल एका लढाईत बघायचा नसतो, दोन लाँग रेस्टच्या, म्हणजे सगळी जादू परत भरणाऱ्या मुक्कामांच्या, मधल्या अख्ख्या दिवसात बघायचा असतो. त्या दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा-आठ लढाया झेपतील, असा त्या २०१४ च्या आवृत्तीतल्या डीएमच्या पुस्तकाचा अंदाज आहे.

आणि इथे मुंबई आडवी येते. रविवारी चारला दादरला जमायचं ठरतं, मेगाब्लॉकच्या कृपेने पहिला फासा पडायला पाच वाजतात, आणि नऊ वाजता डोंबिवलीवाला सॅक उचलतो. तेवढ्यात लढाया होतात दोन. मग डीएम म्हणतो, "तुम्ही मुक्काम करता, सकाळी सगळं परत भरलेलं आहे." असं दर वेळी झालं की विझार्ड प्रत्येक लढाईत दिवाळी साजरी करतो. पण सेशन संपलं म्हणून गोष्टीतला दिवस संपवायचं काही कारण नाही. उरलेले स्पेल (जादूचे मंत्र) शीटवर लिहून ठेवा, पुढच्या रविवारी त्याच संध्याकाळपासून सुरू करा. मधे एखादा शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, दिलात तर तेवढ्यावर ज्यांची शक्ती परत भरते ते फायटर आणि वॉरलॉक (हाही एक जादूवाला) दोघंही खूश.

जुन्या आवृत्त्यांनी हा तोल वेगळ्याच तऱ्हेने साधला होता. 'बेसिक' या जुन्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला जायला थीफला १,२०० एक्सपी (अनुभवाचे गुण) पुरायचे, फायटरला २,०००, मॅजिक-यूजरला, म्हणजे जादूगाराला, २,५००. हा मॅजिक-यूजर सुरुवातीला एका स्पेलचा धनी, एका फटक्यात आडवा होणारा. पुढे मात्र सगळ्यांना भारी. खेळ पुढपर्यंत चालला तर हा न्यायच. पण परीक्षा, नोकरी, लग्न यांत जो कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) चौथ्या लेव्हलला बंद पडतो, त्यात तो बिचारा नुसताच मरतो. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना एकच एक्सपी तक्ता दिला. २००८ च्या चौथीने सगळ्या क्लासना (फायटर, विझार्ड अशा प्रकारांना) जवळपास एकाच साच्यातल्या पॉवर्स दिल्या, तेव्हा सगळे सारखेच वाटतात अशी ओरड झाली.

वाव मात्र कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. शिवाजी पार्कवर सातव्या नंबरला लावलेला चांगला बॅट्समन दिवसभर पॅड बांधून बसतो, तसा हा प्रकार. समजा किल्ल्यात कुलूपबंद दार आहे. पाचव्या लेव्हलच्या रोगचं (इंग्रजी 'rogue', चोरटा गडी) कुलूप उघडण्याचं कौशल्य अधिक दहापर्यंत, म्हणजे फाशाच्या आकड्यात दहाची भर, जाऊ शकतं. तो हत्यारं काढेपर्यंत विझार्ड म्हणतो, "नॉक टाकतो." फासा नाही, काही नाही, दार उघडं. रोगचे आकडे जागच्या जागी, पण त्याचा प्रसंग गेला.

यावर रोगला अधिक दहाचं अधिक बारा करून देणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला मलम. खरं तर नियमातच तोड आहे: नॉकचा ठोका तीनशे फुटांपर्यंत ऐकू जातो. बरेच डीएम हे विसरतात. पहारेकरी एकदा धावत आले की पुढच्या दाराशी पार्टी, म्हणजे सगळी टोळी, आपसूक रोगकडे बघते.

कधी तर यात स्पेलचाही दोष नसतो. टेबलावरचा एक जण मोठ्याने आणि भराभर बोलतो, एवढंच. तिथे डीएमने थेट विचारावं, "ताई, तुझी क्लेरिक या पुजाऱ्याला काय म्हणते?" आणि बाकीच्यांना जरा थांबवावं.

तक्रार आली की मी आधी विचारतो, "कुठल्या प्रसंगात वाटलं?" "माझा वार लागतच नाही," असं उत्तर आलं तर शीट मागून घेतो. "मी बोलेपर्यंत सगळं उरकलं होतं," म्हटलं तर पुढच्या सेशनची आखणी बदलतो. काही खेळाडू मात्र वाव मागतच नाहीत. त्यांना कोपऱ्यात बसून, वडापाव खात, आपल्या पाळीला जोरात हाणायचं असतं. अशांना तलवार जरूर द्या.