कायदा हाती घेणारे प्रियकर (डार्क गे रोमान्स)

डार्क रोमान्स, म्हणजे हिंसेच्या आणि धोक्याच्या सावलीतल्या प्रेमकथा, या लोकप्रिय कथाप्रकारातली एक शाखा. दोन पुरुषांचे प्रेम हा तिचा कणा. त्या दोघांपैकी एकजण तरी, आणि बहुधा दोघेही, कायद्याच्या कचाट्यातून सुटलेल्यांना गाठून शिक्षा देणारे असतात. शिक्षा म्हणजे बहुतेक वेळा मृत्यू. पुरुष-पुरुष प्रेमकथांना इंग्रजी वाचक ‘एमएम’ म्हणतात, आणि ही शाखा ‘डार्क एमएम’मध्ये मोडते. मृतदेह, पाठलाग, नष्ट केलेले पुरावे हे सगळे सामान गुन्हेगारी कादंबरीचे असले तरी कथेचा निकाल तिच्या नियमाने लागत नाही. खुनी सापडतो का, हा प्रश्न दुय्यम. दोघे एकत्र राहतात का, हा मुख्य. प्रेमकथेचा वाचकाशी झालेला अलिखित करार असा, की शेवट आशेचाच हवा. त्यामुळे पोलिसांचे अपयश पहिल्या पानाआधीच ठरलेले असते.

या कथांचे वेगळेपण नेमके कशात आहे, हे अमेरिकी चित्रपटसृष्टीच्या जुन्या आचारसंहितेकडे पाहिले की चटकन कळते. 1930 मध्ये स्वीकारलेल्या आणि 1934 पासून कडकपणे राबवलेल्या ‘हेज कोड’मध्ये एक कलम असे होते, की ‘लैंगिक विकृती’ तर सोडाच, तिचे सूचनही पडद्यावर नको. समलिंगी संबंध याच शब्दांत मोजले जात. दुसरे कलम असे, की आधुनिक काळातल्या कथेत सूडाचे समर्थन होता कामा नये. (कमी प्रगत देशाकाळातल्या कथेत सूड दाखवायची मुभा होती. तलवारी असल्या की चालते, असा काहीसा हिशेब.) पहिले कलम 1961 मध्ये सैल झाले आणि 1968 मध्ये ही संहिताच गेली. मधल्या काळात समलिंगी पुरुष पडद्यावर यायचा तो बहुधा आडून सुचवलेला खलनायक म्हणून: अत्तराचा रुमाल, मऊ आवाज, आणि शेवटाआधी मरण. जे खलनायकाच्या माथी मारले होते तेच ही शाखा नायकाला देते, त्याच्या सूडाला न्याय म्हणते आणि वर त्याला सुखाचा संसारही देते.

कल्पना मात्र फार जुनी आहे. इ. स. पू. 514 मध्ये अथेन्समध्ये हार्मोडिअस आणि अरिस्टोगायटन या प्रियकरांनी हुकूमशहा हिप्पियासचा भाऊ हिप्पार्कस याला ठार केले. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझने सांगितलेली हकिकत अशी: हिप्पार्कसचे मन देखण्या हार्मोडिअसवर गेले आणि हार्मोडिअसने त्याला झिडकारले. तो डंख मनात ठेवून हिप्पार्कसने हार्मोडिअसच्या बहिणीला एका मिरवणुकीत परडी धरायचा मान देऊ केला आणि ती आल्यावर लायक नाही म्हणून परत पाठवले. दोघांनी साथीदार जमवून पॅनाथेनाइया उत्सवाचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी शस्त्र घेऊन फिरणे कुणाला खटकत नसे. आधी हिप्पियासला मारायचे ठरले होते. पण आपलाच एक साथीदार हिप्पियासशी सहज बोलताना दिसला, कट फुटला असे वाटले, आणि ते हिप्पार्कस दिसेल तिथे त्याच्यावर तुटून पडले. हार्मोडिअस जागीच मारला गेला, अरिस्टोगायटन पकडला गेला.

पुढे अथेन्सने त्यांना लोकशाहीचे आद्य वीर मानले, चौकात त्यांचे पुतळे उभारले, आणि मेजवान्यांत लोक मर्टल या झुडपाच्या डहाळीत लपवलेल्या तलवारीचे गाणे म्हणू लागले. इराण्यांनी इ. स. पू. 480 मध्ये पुतळे पळवल्यावर थोड्याच वर्षांत नवे घडवले गेले. थ्युसिडिडीझला हे कौतुक मान्य नव्हते. हा प्रेमातला मानापमान होता, मेला तो हुकूमशहा नव्हताच, आणि उरलेला भाऊ त्यानंतर आणखी क्रूर झाला, असे तो बजावतो. आजच्या कादंबऱ्यांमधला सगळा वाद या एका प्रकरणात आधीच होऊन गेला आहे, फक्त सुखान्त नाही.

तो सुखान्त मिळवायला फार वेळ लागला. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी दोन पुरुषांच्या प्रेमाची ‘मॉरिस’ ही कादंबरी 1913–14 मध्ये लिहिली. ती छापली गेली 1971 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. कादंबरीला जोडलेल्या टिपणात ते म्हणतात, की शेवटी कुणी फासावर लटकला असता किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता तर प्रकाशनाला एवढी अडचण आली नसती. पण प्रेमिक शिक्षेवाचून सुटतात, म्हणजे पुस्तक गुन्ह्याचीच शिफारस करते. इंग्लंडमध्ये प्रौढ पुरुषांचे खासगीतले संबंध 1967 पर्यंत गुन्हाच होते. अशा इतिहासातून आलेल्या वाचकाला ‘कायदा मोडणारा म्हणजे वाईट’ हे समीकरण आपोआप पटत नाही, आणि ही शाखा त्या अविश्वासावर उभी आहे. दुहेरी आयुष्य, खोटी ओळख, घरच्यांपासून लपवलेली खोली: लपून जगणाऱ्या समलिंगी माणसाचे हे अनुभव इथे मारेकऱ्याच्या अंगावर चढवलेले असतात.

प्रत्यक्ष वंशावळ मात्र चाहत्यांच्या लेखनातून येते. गाजलेल्या मालिकांमधल्या दोन पुरुष पात्रांना प्रेमात पाडणाऱ्या ‘स्लॅश’ कथा 1974 पासून हौशी अंकांत छापल्या जाऊ लागल्या. जपानमध्ये याच दशकात स्त्री चित्रकथाकारांनी मुलग्यांच्या प्रेमाच्या चित्रकथा लोकप्रिय केल्या. दोन्हीकडे लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या मुख्यतः स्त्रियाच होत्या. चाहत्यांच्या कथांचे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ 2009 मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तर ‘हॅनिबल’ या अमेरिकी टीव्ही मालिकेने (2013–15) ‘मर्डर हसबंड्स’ (मिळून खून करणारे ‘नवरे’) हा शब्दप्रयोग रूढ केला. अ‍ॅमेझॉनने 2007 मध्ये लेखकांना थेट ई-पुस्तके विकायची सोय दिल्यावर असले लेखन प्रकाशकाच्या उंबऱ्यावर अडेनासे झाले. मासिक वर्गणीत हवी तेवढी पुस्तके वाचायची योजना 2014 मध्ये आली आणि लांबलचक मालिकांना बरकत आली.

रचनेचे ठरलेले घटक थोडे आहेत. मारणाऱ्याला एक ‘कोड’ असतो: मुलांना हात लावायचा नाही, निरपराध्याला मारायचे नाही, खात्री झाल्याशिवाय हालचाल नाही. जोडी विजोड असते. एक थंड, हिशेबी, भावना ओळखायला शिकावे लागलेला. दुसरा जखमी, बडबड्या किंवा चक्क पोलिसांत नोकरीला. प्रकरणे आळीपाळीने दोघांच्या तोंडून, प्रथमपुरुषी येतात. त्यामुळे एकाला जो राक्षस वाटतो त्याच्या डोक्यात पुढच्याच प्रकरणात आपण बसलेले असतो.

कथेचा खरा सांधा म्हणजे गुपित फुटण्याचा प्रसंग. साध्या प्रेमकथेत गुपित फुटले की ताटातूट होते. इथे नेमके तिथूनच प्रेम पक्के होते. नमुना असा: मध्यरात्र उलटून गेलेली, न्हाणीघरात एकजण बाही दुमडून नखांतले रक्त ब्रशने काढतो आहे. दाराशी दुसरा. तो किंचाळत नाही, पळत नाही. थोडा वेळ पाहतो, पुढे येतो, नळाचे गरम पाणी बंद करून गार सोडतो आणि म्हणतो, “गरम पाण्याने डाग पक्का होतो.” लेखक कसबी असेल तर या एका वाक्यात वाचकाला दोन गोष्टी कळतात: याला आधीपासून माहीत होते, आणि हाही काही धुतल्या तांदळाचा नाही. पुढची प्रेमाची कबुली त्यामानाने उपचारच.

कच्चा दुवा बळींच्या निवडीत आहे. मारला जाणारा माणूस बहुतेकदा इतका निखळ नीच असतो, की वाचकाला विचार करायची गरजच उरत नाही. नैतिक संदिग्धतेचा बोलबाला असलेल्या कित्येक कादंबऱ्यांत संदिग्ध असे काहीच नसते. नायक खुनी आहे एवढेच. त्याचा नेम कधी चुकत नाही, त्याची माहिती कधी खोटी ठरत नाही. शाखेतली मोजकी चांगली पुस्तके इथेच वेगळी पडतात. त्यांत पुरावा अर्धवट असतो, मेलेल्याला रडणारे कुणीतरी असते, किंवा एकाला जे न्यायाचे वाटते ते दुसऱ्याला चवीचे वाटू लागले आहे, असे दिसते. मग दोघांतला प्रश्न ‘तू माझ्यावर प्रेम करतोस का’ असा न राहता ‘तुला कोण थांबवणार’ असा होतो.

पुस्तकाच्या सुरुवातीला ट्रिगर वॉर्निंगची, म्हणजे त्रासदायक ठरू शकणाऱ्या मजकुराच्या पूर्वसूचनेची, यादी देण्याची रीत आता रुळली आहे: छळ, अपहरण, बालपणातले अत्याचार, आत्महत्येचे विचार, संमतीविषयी संदिग्ध प्रसंग. गंमत म्हणजे हीच यादी अनेकांसाठी जाहिरातही असते. वाचक तिच्यावर नजर फिरवून पुस्तक निवडतात. संमतीचा प्रश्न मात्र गंमतीचा नाही. पाळत ठेवणे, कोंडून ठेवणे, मालकी गाजवणे याला उत्कट प्रेमाचे रूप दिले जाते, हा डार्क रोमान्सवरचा आक्षेप इथेही लागू पडतो. समर्थक म्हणतात, की वाचक प्रौढ आहे आणि कल्पना म्हणजे सल्ला नव्हे. या शाखेतले बरेच लेखक यावर मधली वाट काढतात: बाहेर कितीही रक्तपात होवो, त्या दोघांत मात्र ‘नाही’ म्हटले की थांबायचे.

समलिंगी पुरुषांकडून येणारी तक्रार वेगळी आहे. आपले जगणे दुसऱ्यांच्या करमणुकीचा माल झाले, आणि त्यातही मारेकरी म्हणून, असे काहींना वाटते. लिहिण्याचा हक्क कुणाचा, हा वाद केवळ या शाखेपुरता नव्हता. समलिंगी साहित्यासाठीच्या लॅम्डा पुरस्कारांनी 2009 मध्ये पात्रता एलजीबीटी लेखकांपुरती ठेवली. ओरड झाली आणि 2011 मध्ये बहुतेक विभाग पुन्हा सर्वांना खुले झाले. दरम्यान समलिंगी पुरुष लेखकही या शाखेत लिहीत आहेत.

मालिका हे तिचे सर्वांत सोयीचे रूप. पहिल्या भागातली जोडी दुसऱ्या भागात मदतीला येते, मारेकऱ्यांचे एक मानलेले कुटुंब तयार होते आणि दर भागात त्यातल्या एकाचे लग्न जुळते. उपसंहारात पहिल्या जोडीने हा धंदा सोडून दिलेला असतो, असे मात्र क्वचितच. बहुधा ते पुढच्या नावावर चर्चा करत असतात आणि भांडण चाललेले असते ते गाडी कोण चालवणार यावर.