सोनखत मुरायला वेळ लागतो

माणसाच्या मैल्यापासून झालेल्या खताला मराठीत ‘सोनखत’ म्हणतात. नाव झकास आहे, पण तो मैला टोपलीतून वाहणाऱ्यांच्या वाट्याला सोनं कधी आलं नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्याला भंगीकाम करू द्यावं म्हणून गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी उपोषण केलं आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मैल्याला हात न लावता त्याचं खत कसं करता येईल, हा त्यांचा ध्यास होता. संडासाला जोडलेल्या त्यांच्या ‘मलप्रभा’ गोबरगॅसवर नंतर देहूच्या डॉ. मापुसकरांनी वर्षानुवर्षं काम केलं.

यात खत म्हणून असतं तरी किती? भारतीय आहार धरला तर एका माणसाच्या शरीरातून वर्षाकाठी साधारण पावणेतीन किलो नत्र (नायट्रोजन) बाहेर पडतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं जेमतेम २१ किलो. म्हणजे सात-आठ माणसांमागे वर्षाला एक गोणी. गंमत अशी, की यातलं बहुतेक नत्र लघवीत असतं. स्फुरदाचाही (फॉस्फरसचाही) मोठा वाटा तिच्यातच. विष्ठेतून मिळतो तो मुख्यतः सेंद्रिय पदार्थ, जमीन भुसभुशीत ठेवणारा. त्यामुळे सोनखत टाकलं की युरिया बंद, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नये.

भीती असते ती रोगांची, आणि ती रास्त आहे. कॉलरा-टायफॉइडचे जंतू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाहीत. खरा चिवट असतो तो जंत. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, आणि त्या अंड्यांची कवचं इतकी दणकट, की ओलसर मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून खत तयार झालं की नाही हे ठरवताना तज्ज्ञ याच अंड्यांकडे बघतात. ती मेली म्हणजे बाकीचे जंतू केव्हाच गेले. त्यांना मारायचे दोन सरळ मार्ग : उष्णता किंवा वेळ. ढीग नीट रचला, आतलं तापमान ५५ अंशांच्या वर गेलं आणि ते काही दिवस टिकलं, तर काम होतं. मात्र ढिगाच्या कडाही तापायला हव्यात, म्हणून तो पलटावा लागतो. नाहीतर नुसतं झाकून ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनानुसार २० अंशांपेक्षा उष्ण हवेत किमान वर्षभर.

दोन खड्ड्यांचा संडास याच हिशेबावर चालतो. एक खड्डा भरत असतो, दुसरा विश्रांती घेत असतो. भिंतीच्या जाळीतून पाणी मातीत मुरतं, वायूही मातीतच जातो. पाण्याबरोबर लघवीतलं बरंचसं नत्रही निघून जातं, हा तोटा खराच; शिवाय विहीर जवळ असेल तर तो धोकाही. वर्ष-दीड वर्षाने बंद खड्डा उघडला तर आत काळसर, भुरभुरीत माती सापडते, वास नसलेली. पण संडासातून दोन खड्ड्यांकडे जाणारे नळ जिथे फुटतात त्या चेंबरमध्ये एका नळाचं तोंड बंद केलेलं नसेल आणि दोन्ही खड्डे एकदमच भरत असतील, तर विश्रांती कुणालाच मिळत नाही. मग ते सोनखत नव्हे, दोन भोकांतला मैला.

शहरात मामला बदलतो. अमेरिकेतलं मिलवॉकी शहर १९२६ पासून सांडपाण्यातला गाळ भट्टीत सुकवून ‘मिलॉर्गनाइट’ नावाने खत म्हणून विकतंय. भट्टीत जंतू मरतात, जंताची अंडीही मरतात. पण शहराच्या गटारात फक्त संडासाचं पाणी येत नाही. कारखान्यांचं, धुलाईचं, दवाखान्यांचं, सगळं एकत्र येतं. कॅडमियमसारखे जड धातू उष्णतेने नष्ट होत नाहीत. नॉनस्टिक लेप, डाग न धरणारी कापडं यांत वापरलेली ‘फॉरएव्हर केमिकल्स’ तर कुजतच नाहीत. गाळातून शेतात, शेतातून चाऱ्यात आणि तिथून दुधात उतरतात. अमेरिकेतल्याच मेन राज्यात अशा शेतांचं दूध बाद झालं, आणि २०२२ मध्ये गाळ शेतात टाकायलाच तिथे बंदी आली. स्वित्झर्लंडने तर ही वाट त्याआधीच बंद केली होती. जर्मनीने मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळातून किंवा त्याच्या राखेतून स्फुरद वेगळं काढणं बंधनकारक केलंय.

मला यात गावाचा खड्डा शहराच्या यंत्रापेक्षा उजवा वाटतो, तो साधेपणामुळे नव्हे. त्यात काय पडलं हे घरातल्यांना ठाऊक असतं. अर्थात, कुणी फिनेलची बाटली ओतत नसेल तर!

खत झाडांना, फळबागेला घालावं. गाजर, मुळा, कोथिंबीर अशा कच्च्या खायच्या पिकांपासून लांबच ठेवावं. आणि खड्डा बंद कराल त्या दिवशी झाकणावर ऑइलपेंटने तारीख लिहून ठेवा. दीड वर्षानंतर ती कुणालाच आठवत नाही.