शंभरच का?

'फळांत कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त' अशी बातमी वाचली की आपण धरून चालतो, रेषेच्या अलीकडे अन्न आणि पलीकडे विष. पण ही मर्यादा मुळात शेतातल्या चाचण्यांवरून ठरते: लेबलप्रमाणे फवारलं, सांगितलेले दिवस थांबून काढणी केली, तर पिकात किती उरतं. आरोग्याचा आकडा, म्हणजे आयुष्यभर रोज किती पोटात गेलं तर चालेल, तो वेगळा, आणि तो निघतो कसा हीच खरी गंमत.

उंदरांचे चार गट घ्या. वजनाच्या दर किलोमागे रोज 0, 5, 50 आणि 500 मिलिग्रॅम कीटकनाशक. समजा, 50 च्या गटात यकृत जड झालं, 5 च्या गटात काहीच दिसलं नाही. मग 5 हा 'दुष्परिणाम न दिसलेला' आकडा. मधे 20 चा गट ठेवला असता आणि तोही ठणठणीत निघाला असता, तर आकडा चौपट! शिवाय गटात उंदीर कमी असले की बारीकसारीक परिणाम निसटतात आणि आकडा वर सरकतो. म्हणजे ढिसाळ प्रयोगाला बक्षीस. म्हणून हल्ली सगळ्या मात्रांमधून वक्ररेषा काढून, उदाहरणार्थ, 10 टक्के जास्त उंदरांत परिणाम दिसेल अशी मात्रा शोधतात आणि तिच्या अनिश्चिततेची खालची कड घेतात. 10 च टक्के का, 5 का नाही? इथे गणित गप्प.

मग भागायचं शंभराने. 1954 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी हा शंभर मांडला. त्याची रूढ फोड अशी: उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी 10, माणसामाणसांतल्या फरकासाठी 10. हाताला बोटं बारा असती तर बहुधा 144 ने भागलं असतं! आपल्या उदाहरणात दर किलोमागे उरतात 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला आयुष्यभर रोज 3 मिलिग्रॅम चालतील. 1996 च्या अमेरिकी कायद्याने मुलांसाठी आणखी एक दहापट जोडली. ('नैसर्गिक' म्हटलं की ही सगळी उठाठेव नकोच, असं मानणाऱ्यांनी निकोटीन आठवावं. तेही झाडातूनच येतं आणि कीटकनाशक म्हणून वापरलं गेलंय.)

2015 मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 'तशी शक्यता कमी' म्हटलं. पहिलीने प्रसिद्ध अभ्यास पाहिले, दुसरीने कंपन्यांचे अप्रकाशित अभ्यासही. कशाला किती वजन द्यायचं, हे उंदीर सांगत नाहीत.

आणि ते जड झालेलं यकृत? ती इजा, की परकं रसायन मोडायला त्याने वाढवलेली यंत्रणा? तज्ज्ञांनी दुसरं मानलं आणि 50 च्या गटात इतर काही बिघडलेलं नसलं, तर आपला 5 थेट 50 होतो. उंदीर तेच, यकृतही तेच.